घासलेलं अलॉय व्हील घरी दुरुस्त करताना : आधी चाक उलटं करा!



आजचा पाठ कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण धातू, आम्ल, आम्लारी, गंज, घर्षण असे आपण शिकवतो त्यातले बरेच घटक यात एकाच जागी भेटतात, म्हणून लिहिते आहे. गाडीचं घासलेलं, चट्टे पडलेलं अलॉय व्हील घरच्या घरी कसं नीट करायचं, आणि कोणत्या चाकाला अजिबात हात लावायचा नाही, हे आज आपण पाहणार आहोत.

आमची गाडी सेकंडहँड. शाळेच्या वाटेवर समोरून एसटी आली, मी बाजूला घेतली आणि पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला खरडलं. रिमच्या काठावर वीतभर पांढरा ओरखडा. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात बसून मी ते घासलं, भरलं, रंगवलं. इतकं सुंदर झालं की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कुठून करून आणलं म्हणून. मात्र त्या चाकातली हवा दर आठ-दहा दिवसांनी उतरत होती, ती तशीच उतरत राहिली. पंक्चरवाल्या काकांना पंक्चर सापडलं नव्हतं. व्हॉल्व जुना झाला असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

मग त्यांनी चाक काढून उलटं केलं. आतल्या काठावर, म्हणजे गाडीच्या बाजूला जो काठ येतो तिथे, चार बोटं लांबीचा तडा! पावसाळ्यात एका खड्ड्यात जोरात आपटलं होतं, त्याचा असावा. रंगवताना दिवसभर चाक माझ्यासमोर आडवं होतं, पण पाठ जमिनीकडे. आणि त्या चाकावर मी आई आणि मुलांना घेऊन घाट उतरून आले होते.

हे चाक असतं कशाचं?

गॅरेजमध्ये याला अजूनही 'मॅग' म्हणतात. सुरुवातीला शर्यतीच्या गाड्यांची अशी चाकं मॅग्नेशियमची होती, त्यावरून ते नाव पडलं. आपल्या गाड्यांची मात्र ॲल्युमिनियमच्या संमिश्राची असतात. त्यात थोडं सिलिकॉन आणि अगदी जरासं मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. म्हणजे आजीच्या घरातल्या 'जर्मनच्या' पातेल्याचाच हा चुलतभाऊ. त्या पातेल्यात आंबट ठेवू नये, असं आजी सांगायची ना? तेच इथेही. ॲल्युमिनियम आम्लाशी आणि अल्कलीशी, दोन्हींशी अभिक्रिया करतं. म्हणून चाक धुवायला संडास-फरशीचं ॲसिड नको आणि कॉस्टिक सोडाही नको. साधा शाम्पू, पाणी, ब्रश.

लोखंडी रिम आपटली तर बहुधा वाकते. ओतीव अलॉय कमी वाकतं आणि तडकतं. शिवाय त्याची ताकद कारखान्यात ठरावीक तापमान देऊन आणलेली असते. त्यामुळे घरी गॅसचा टॉर्च मारून ठोकून सरळ करणं, वेल्डिंग करून घेणं हे प्रकार चाकाला कमजोर करतात. तडा किंवा वाक असलेलं चाक बदलायचंच. त्यात लांबी भरून रंग मारणं म्हणजे तडा झाकणं झालं.

खडूची परीक्षा

तडा शोधायची एक जुनी रीत आहे, पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वापरायचे. आपल्याकडे तर तिचं साहित्य वर्गातच पडलेलं असतं! चाक काढून धुवून कोरडं करा. काठावर, आऱ्यांच्या मुळाशी आणि पाठीमागे रॉकेल लावा. रॉकेल नाही मिळालं तर गंजलेले नट सोडवायचा पातळ तेलाचा स्प्रे चालेल. जवळपास विस्तव नको. अर्धा तास थांबा. मग फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वरून खडूची बारीक पूड भुरभुरवा किंवा पाण्यात कालवून पातळ लेप द्या. तड्यात मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओलसर काळपट रेघ उमटते. नुसता ओरखडा असेल तर तिथलं तेल पुसलं गेलेलं असतं, रेघ उमटत नाही.

पण रेघ आली नाही म्हणजे चाक पास, असं समजू नका. हवा उतरत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल किंवा चाक मोठ्या खड्ड्यात आपटलेलं असेल तर टायर काढून चाकाच्या दुकानात तपासून घ्या.

आणखी एक. काही चाकांचा दर्शनी भाग चमकदार असतो, बोट फिरवलं तर बारीक गोल रेषा जाणवतात. ती 'डायमंड कट' चाकं. ते काम लेथवरचं आहे, स्प्रेच्या डब्याने ती चमक येत नाही.

आता कृती

जॅक सपाट, कठीण जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगड लावा. नट आधी थोडे ढिले करून मगच गाडी उचला. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. स्टेपनी बसवून गाडी खाली उतरवा आणि काम चाकावर करा.

तेलाचा अंश राहिला तर रंग सुटतो, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. टायरमधली हवा थोडी कमी करा. रिम आणि टायरच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका कापून गोल खोचत जा. टायर झाकायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही, आणि पत्रिका प्रत्येकाच्या घरी ढीगभर असतात. व्हॉल्वला चिकटपट्टी.

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, हे मुलांना उलटं वाटतं. खोल ओरखड्याला १२०, मग २४०, मग ४००. तोंडाला मास्क हवाच, कारण ती भुकटी फुप्फुसात जायला नको. कडेचे टोकदार कंगोरे सपाट झाले की नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर लांबी भरायची गरजच नाही. अडकलं तर हार्डनर मिसळायची मेटल लांबी पातळ थरात भरा, वाळल्यावर २४० आणि ४०० ने घासा. टायर जिथे रिमवर बसतो तो भाग घासू नका, हवा गळते.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेमुळे लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो. तोच धातूला सांभाळतो, पण साधा रंग त्यावर नीट धरत नाही. म्हणून आधी ॲल्युमिनियमवर चालणारा एच प्रायमर. तो वाळल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. मग सिल्व्हर रंग, मग लॅकर. वीतभर अंतरावरून, हात न थांबवता, पातळ तीन हात. दोन हातांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं. माझा पहिला हात जाड झाला आणि ओघळ आले, ते पुन्हा घासण्यात संध्याकाळ गेली. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत लॅकर दुधाळ होतं. हार्डनर मिसळायचं टू-के लॅकरही घरी नको, त्यातल्या आयसोसायनेटला कापडी मास्क पुरत नाही.

नट जिथे टेकतात त्या खोबणी आणि चाकाची हबवर बसणारी बाजू यांवर रंग नको. मधला रंगाचा थर दबला की घट्ट केलेले नट ढिले होतात. रंग पक्का व्हायला किमान एक दिवस द्या. बसवताना नट समोरासमोरचे आवळा, पाच असतील तर चांदणी काढतो तसे. जोर गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो तितकाच. हवा पूर्ण भरा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासा.

तडा गेलेल्या चाकाच्या जागी मी त्याच मापाचं नवं घेतलं. जुनं भंगारात द्यायला मन होईना, कारण माझ्याच हाताने ते इतकं छान रंगवलेलं होतं की कुणीही नव्यासारखं म्हणून विकलं असतं. मग काठावर करवतीने दोन खोल खाचा मारून घेतल्या आणि ते शाळेत नेलं. आनंददायी शनिवारी चौथीची मुलं त्यावर तेल लावतात, पुसतात आणि खडूची पूड टाकून रेघ यायची वाट बघत बसतात.