जुन्या घराचं वायरिंग मे महिन्यात तपासा

जुन्या घरातलं वायरिंग आजच्या वापराला पुरेल का, हे डिसेंबरात बघून कळत नाही. परभणी, गंगाखेड, पाथरीकडच्या जुन्या घरांना मे महिन्यातल्या दुपारची कसोटी लावावी, असं माझं ठाम मत आहे. कारण तेव्हा मागणी वाढते, तारेची ताकद घटते आणि अर्थिंगही दगा देतं. पारा 44-45 अंशांवर गेला की एसी, कूलर, बोअरची मोटार एकाच वेळी चालतात. दीड टनी एसीचे सुमारे 1700 वॅट, एक एचपी मोटारीचे 1000, कूलर, फ्रिज नि चार पंख्यांचे मिळून 700, म्हणजे 3400 वॅट. 230 व्होल्टला हा भार जवळपास 15 ॲम्पियरवर जातो. त्यात इस्त्री लावली की 19. इकडे साध्या पीव्हीसी आवरणाची तार 70 अंशांपलीकडे तापू द्यायची नसते. म्हणून 30 अंशांच्या हवेत 20 ॲम्पियर पेलणारी तार 45 अंशांत जेमतेम 16 पेलते, पत्र्याखाली त्याहूनही कमी. शिवाय आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगभोवतीची ओल जाते आणि गळलेल्या विजेला जमिनीत उतरायला धड वाट राहत नाही.

‘इतकी वर्षं काही झालं नाही,’ असं लोक म्हणतात. पण ती वर्षं दोन बल्ब, एक पंखा नि रेडिओची होती. लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची तार तेवढ्याचसाठी टाकलेली होती. वीज दुप्पट वाहिली की तारेतली उष्णता चौपट होते. ‘एमसीबी बसवलाय की,’ हेही पुरेसं नाही. तो वारंवार पडतो म्हणून 16 चा काढून 32 चा लावला, किंवा किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली तार जळते. ‘महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला,’ हे योग्यच. पण त्याने मीटरपुढची घरातली तार बदलत नाही.

खर्चाची अडचण खरी आहे, पण त्यासाठी सगळं घर फोडावं लागत नाही. परवानाधारक वायरमनला भर दुपारी बोलवा, सगळी उपकरणं चालू करून मेन तारेवर क्लॅम्प मीटर लावायला सांगा आणि तारेची जाडी, एमसीबीचा आकडा नि प्रत्यक्ष भार यांचा मेळ बघा. मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा: करपलेलं आवरण, पिवळट पडलेलं प्लास्टिक, तांबं-ॲल्युमिनियमचा सैल सांधा दिसला तर तिथून सुरुवात करा. सॉकेटच्या वरच्या भोकात अर्थिंगऐवजी न्यूट्रल जोडलेला नाही ना, हेही तपासून घ्या. तसं असेल आणि न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या अंगात करंट उतरतो. एसी आणि मोटारीला मेन बोर्डापासून 4 चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन द्या, नवं अर्थिंग करून उन्हाळाभर त्यात पाणी घाला आणि 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवा. माणसाला शॉकपासून वाचवणं एमसीबीचं काम नव्हे, ते आरसीसीबी करतो. पैसे कमी पडत असतील तर यंदाचं रंगकाम पुढे ढकला, एसीची खरेदीही ढकला. अर्थिंग आणि आरसीसीबी मात्र ढकलू नका.