कार्डांची चळत

जुन्या ग्रंथालयात शिरताच लाकडी खणांचे एक उंच कपाट दृष्टीस पडत असे. प्रत्येक खणात जाड कागदाची शेकडो कार्डे एकामागे एक उभी केलेली असत. एका कार्डावर एका पुस्तकाचे नाव, त्याच्या लेखकाचे नाव आणि ते पुस्तक कोठे ठेवले आहे याचा क्रमांक. नवे पुस्तक आले की एक कोरे कार्ड घ्यावे, त्यावर लिहावे आणि योग्य जागी खोचून द्यावे. त्यासाठी सारे कपाट नव्याने रचावे लागत नसे. ही साधी व्यवस्था घरगुती संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे काम अमेरिकेतील बिल ॲटकिन्सन या तज्ज्ञाने केले. ११ ऑगस्ट १९८७ रोजी बॉस्टन शहरातील प्रदर्शनात त्याची ही कृती लोकांपुढे आली. तिचे नाव हायपरकार्ड.

ॲटकिन्सन हा ॲपल कंपनीत काम करीत असे. त्या कंपनीचा मॅकिन्टॉश हा लहानसा संगणक जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आला होता. त्याचा पडदा ५१२ ठिपके रुंद व ३४२ ठिपके उंच, आणि रंग दोनच, काळा व पांढरा. त्यावर चित्रे काढण्यासाठी मॅकपेंट नावाची आज्ञावली होती. तीही ॲटकिन्सननेच लिहिलेली. तिच्यामुळे ज्यांनी कधी कुंचला हाती धरला नव्हता, असे लोकही चित्रे काढू लागले. परंतु ते चित्र निश्चल राही. चित्रातील दारावर बोट ठेवावे आणि दार उघडावे, पक्ष्याला स्पर्श करावा आणि सूर ऐकू यावा, असे काही घडवायचे म्हटले की सामान्य माणसाचे हात तेथेच थांबत. त्यासाठी संगणकाची अवघड भाषा शिकावी लागे, आणि तिला पुष्कळ महिने द्यावे लागत. म्हणजे यंत्र घरात आले खरे, पण त्याच्याकडून काय करून घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार घराबाहेरच्या मोजक्या जाणकारांकडे राहिला. ॲटकिन्सनला हा अधिकार सर्वांच्या हाती द्यावयाचा होता. म्हणून हायपरकार्ड कंपनीच्या स्वाधीन करताना त्याने अट घातली की, ते प्रत्येक नव्या मॅकिन्टॉशबरोबर विनामूल्य दिले जावे. कंपनीने ती मान्य केली.

आता समजा, त्या बॉस्टन शहरातील एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला अंगणात येणाऱ्या पक्ष्यांची माहिती अशा कार्डांवर मांडायची आहे. हायपरकार्डातील कार्डांच्या संचाला 'स्टॅक' म्हणत. घरोघरी ताटांची किंवा नाण्यांची चळत रचतात, तशी ही कार्डांची चळत. तिने आरंभ कसा करावा?

हायपरकार्ड उघडले की प्रथम 'होम' नावाचे कार्ड दिसे. येथेच नवशिक्याची फसगत होई. मोठ्या उत्साहाने चित्र काढायला बसावे, तो चित्राची साधने कोठेच सापडू नयेत! याचे कारण असे की, हायपरकार्डाने वापरणाऱ्याच्या पाच पायऱ्या मानल्या होत्या: नुसते पाहणे, मजकूर लिहिणे, चित्र काढणे, रचना करणे आणि आज्ञा लिहिणे. पायरी खालची असेल, तर वरच्या पायरीची साधने झाकलेली राहत. होमच्या चळतीतील एका कार्डावर जाऊन पायरी वाढवून घेतली की ती सारी उघडी होत. ही योजना मोठी विचारपूर्वक केलेली होती. ज्याला केवळ पाहायचे आहे, त्याच्या हातून चुकून काही पुसले जाऊ नये. आणि ज्याला पुढे जायचे आहे, त्याला कोणाची परवानगी मागावी लागू नये.

मुलगी पाचव्या पायरीवर जाते, नवी चळत मागते आणि एक कोरे पांढरे कार्ड तिच्यासमोर येते. या कार्डाला दोन थर असतात. मागचा थर पार्श्वभूमीचा. त्यावर काढलेले चित्र त्या पार्श्वभूमीच्या सर्व कार्डांवर दिसते. पुढचा थर मात्र त्या एका कार्डापुरता. नाटकात मागचा रंगविलेला पडदा तोच राहतो आणि पुढची पात्रे बदलतात, तसेच हे. मुलगी पार्श्वभूमीवर कुंपण व झाड काढते. पहिल्या कार्डावर ती निळा जे पक्षी बसविते. पडद्याला निळा रंग ठाऊक नाही, म्हणून पंखांत बारीक ठिपक्यांची नक्षी भरते. दुसऱ्या कार्डावर काळ्या टोपीची चिकडी. हिला काळा आणि पांढरा हे दोन रंग पुरतात. प्रत्येक पक्ष्याखाली ती एक चौकट ओढते आणि तो केव्हा येतो, काय खातो, हे तीत लिहिते. थरांचा मात्र विसर पडता कामा नये. चिकडी चुकून पार्श्वभूमीवर काढली गेली, तर ती प्रत्येक कार्डावर येऊन बसते, जे पक्ष्याच्या शेजारीसुद्धा!

याहून मोठा धोका दुसरा होता. केलेले काम जतन करण्याची वेगळी आज्ञाच हायपरकार्डात नव्हती. जे जे करावे ते आपोआप साठविले जाई. यामुळे जतन करण्यास विसरून काम गमावण्याची भीती उरली नाही, पण पुसलेलेही पुसलेलेच राहू लागले. म्हणून शहाणी मुले मोठा बदल करण्यापूर्वी चळतीची एक प्रत काढून ठेवीत.

चित्रे झाली, मजकूर झाला. तरी कार्डे अजून मुकीच आहेत. त्यांना जागे करते ते बटण. हे बटण दिसलेच पाहिजे असे नाही. काचेसारखे पारदर्शक बटण घेऊन ते थेट पक्ष्यावर ठेवता येई. मग पाहणाऱ्याला पक्ष्यावरच दाबल्यासारखे वाटे. गंमत अशी की, चित्रातील पक्षी पुसला तरी बटण आपल्या जागी कायम राही. पक्षी उडून गेल्यावरही त्याची रिकामी फांदी दाबली की कार्ड बदले. बटणाला दुसऱ्या कार्डाशी जोडणे तर अगदी सोपे होते. जोडण्याची सूचना निवडावी, हव्या त्या कार्डावर जावे आणि 'हेच ते कार्ड' असे सांगावे. लागणारी आज्ञा हायपरकार्ड स्वतः लिहून टाकी. ती उघडून वाचली की मुलांना आज्ञा कशी लिहितात हे कळे, आणि मग ती स्वतःची लिहू लागत. आपल्या मुलीने चिकडीसाठी लिहिलेली आज्ञा अशी असेल:

ऑन माउसअप
प्ले "हार्प्सिकॉर्ड" "जी ई सी"
गो टु नेक्स्ट कार्ड
एन्ड माउसअप

ही हायपरटॉक नावाची भाषा होय. तिच्या रचनेत डॅन विंकलर याचा मोठा वाटा होता. साध्या इंग्रजीसारखीच ती वाचता येई. माउसचे बटण दाबून सोडले की हार्प्सिकॉर्ड या वाद्याचे तीन सूर वाजव आणि पुढच्या कार्डावर जा, एवढाच या ओळींचा अर्थ. दाबताक्षणी काम न करता सोडल्यावर का? दाबणाऱ्याचे मन मध्येच बदलले, तर त्याने बोट न उचलता बाणाची खूण पक्ष्यावरून बाजूला न्यावी. मग काहीच घडत नाही. आणि बटणाला आज्ञाच दिलेली नसेल, तर तो निरोप कार्डाकडे जाई, तेथून पार्श्वभूमीकडे, मग चळतीकडे आणि पुढे होमकडे. तलाठ्याकडे न सुटलेला अर्ज मामलेदाराकडे आणि तेथून कलेक्टरकडे जावा, तसा हा प्रवास. म्हणून सर्व कार्डांना लागू असणारी आज्ञा एकदाच चळतीत लिहिली की काम भागे.

अशा चळती शिक्षकांनी रचल्या, संगीताच्या अभ्यासकांनी रचल्या. रॉबर्ट विंटर या प्राध्यापकाने १९८९ मध्ये बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीवर एक चळत प्रसिद्ध केली. तीत तबकडीवरचे संगीत ऐकता ऐकता त्याचे विवरण पडद्यावर वाचता येई. परंतु सर्वांत नवल केले ते मिलर बंधूंनी. रँड आणि रॉबिन या दोघा भावांनी मुलांसाठी 'द मॅनहोल' नावाची चळत १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. रस्त्यावरील गटाराचे एक झाकण. पुस्तक असते, तर पुढे काय झाले हे पाहण्यासाठी पान उलटावे लागले असते. येथे झाकणावरच दाबावे. ते सरकते आणि आतून एक वेल वर वर वाढत जाते. वेलीवरून वर चढावे की खाली उतरावे, हे पाहणाऱ्यानेच ठरवावे. तेथे हार नाही, जीत नाही, गुणही नाहीत. पुढे १९९३ मध्ये याच भावांनी 'मिस्ट' हा खेळ हायपरकार्डावरच उभारला. एका निर्जन बेटाची सुमारे अडीच हजार चित्रे आणि त्यांना जोडणारी बटणे, अशी त्याची घडण होती. त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

इतके होऊनही हायपरकार्डाचे दिवस फिरले. १९९० मध्ये ॲटकिन्सनने ॲपल कंपनी सोडली. त्याच सुमारास नव्या यंत्रांबरोबर हायपरकार्डाची काटछाट केलेली आवृत्ती मिळू लागली. इतरांच्या चळती पाहणे विनामूल्य, पण स्वतःची रचायची तर पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी, असा नवा रिवाज पडला. ज्या अटीसाठी ॲटकिन्सन अडून बसला होता तिचा प्राणच यात हरपला, असे म्हणावे लागते. कारण कोणते मूल पुढे रचनाकार होणार हे यंत्र विकत घेताना कोणालाच ठाऊक नसते. दुसरी उणीव मुळातच होती. हायपरकार्डातील कार्डे एका यंत्रातल्या चळतीत जोडलेली असत. जगभरच्या संगणकांना जोडण्याचा विचार तीत नव्हता. ते काम त्यानंतर वेबने केले. संगणकांच्या जाळ्याचा विचार आपल्याला सुचला नाही, ही चूक ॲटकिन्सनने पुढे मोकळेपणाने कबूल केली. मार्च २००४ मध्ये कंपनीने हायपरकार्डाची विक्री थांबविली. ५ जून २०२५ रोजी ॲटकिन्सनचे निधन झाले.

तोवर ज्या यंत्रांवर या चळती चालत ती यंत्रेही अडगळीत गेली होती, आणि चळती जुन्या तबकड्यांत बंद पडल्या होत्या. २०१७ मध्ये, हायपरकार्डाला तीस वर्षे झाली तेव्हा, इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने त्या गोळा करण्यास आरंभ केला. आजच्या संगणकातच जुन्या मॅकिन्टॉशची नक्कल उभी करून ती त्यांना चालविते. एखादी चळत निवडावी, क्षणभर थांबावे. लहानसा काळापांढरा पडदा उजळतो, कोणीतरी हाताने काढलेले पहिले कार्ड दिसते, आणि त्याच्या कोपऱ्यात उजवीकडे रोखलेला एक बाण असतो. त्यावर दाबून बोट उचलले की दुसरे कार्ड समोर येते.