वृद्धांची मंद चाल

आमच्या वडिलांस उतारवयांत प्रश्नाचें उत्तर द्यावयास वेळ लागे. तेवढा धीर आम्हांस नसे. त्यांचें वाक्य आम्हीच पुरें करीत असूं. विद्यार्थी मित्रहो, आजोबांना सदऱ्याची गुंडी लावावयास विलंब झाला म्हणजे तुम्हीही असेच चिडत असाल. परंतु हा विलंब आळसाचा किंवा हट्टाचा नव्हे; त्याचें एक मोठें कारण मेंदूंत आहे.

मेंदूंतील मज्जापेशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारें एकमेकींस निरोप धाडतात. डोपामीन हें त्यांपैकीं एक द्रव्य. मध्यमेंदूंतील एका काळसर भागांतील पेशी तें तयार करितात. हालचालीस आरंभ करणें आणि मन एका कामावरून दुसऱ्याकडे वळविणें, या दोहोंस तें अवश्य आहे. तारुण्य ओसरूं लागलें कीं हा निरोप झेलणारीं स्थानें दर दहा वर्षांस शेंकडा सुमारें 10 या प्रमाणांत घटत जातात.

याचा उलगडा कसा झाला? 1957 सालीं स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनीं सशांस रेसर्पीन दिलें. आपल्या सर्पगंधेच्या मुळांतून निघणारें हें औषध मेंदूंतील डोपामीनचा सांठा रिता करितें. ससे निश्चल पडले. मग ज्यापासून डोपामीन बनतें तो डोपा टोंचतांच ते पुन्हां हिंडूं लागले! या शोधाबद्दल कार्लसन यांस 2000 सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. हाच डोपा खाजकुहिलीच्या बियांत असल्याचें दामोदरन व रामस्वामी या भारतीय रसायनज्ञांनीं 1937 सालींच दाखविलें होतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. जेम्स पार्किन्सन यांनीं 1817 सालीं वर्णिलेला कंपवात हा रोग आहे. त्यांत त्या काळसर भागांतील पेशीच मोठ्या संख्येनें मरतात, आणि हात कांपतो, अंग ताठरतें. त्यावर वैद्यांचे उपचार हवेत. सामान्य वार्धक्यांत ऱ्हास सौम्य असतो. शब्दसंग्रह व अनुभवाचें ज्ञान बहुधा टिकून राहतें. मंदावतो तो वेग.

म्हणून वृद्धांशीं बोलतांना एक वेळीं एकच गोष्ट विचारावी, आणि उत्तराची वाट पाहावी. सायंकाळीं त्यांजबरोबर त्यांच्याच चालीनें फिरावयास जावें. चालण्यानें शरीर व बुद्धि दोन्हींस लाभ होतो. वडिलांचीं तीं अर्धीं वाक्यें पुरीं ऐकण्याची संधि आम्हांस आतां नाहीं. तुम्हांस ती आजच आहे.