शब्द पाहुणे, चाल घरची

अच्छाडचा नाका ओलांडला की मराठी पाट्या संपून गुजराती पाट्या सुरू होतात. १ मे १९६० रोजी ही सीमा ठरली. उंबरगावचा भाग गुजरातेत गेला, तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली. सोयरिकी आणि आठवडेबाजार मात्र दोन्ही अंगांनी चालूच राहिले, आणि त्यांच्याबरोबर बोलणेही.

विद्यार्थी मित्रहो, इथले मूल घरी वारली किंवा धोडिया बोलते, शाळेत मराठी शिकते, हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांकडून हिंदी उचलते आणि उंबरगाव-वापीच्या कारखान्यात लागले की गुजराती. शेवटच्या दोन भाषांसाठी त्याला कोणी पुस्तक दिलेले नसते. तो चुकतो, समोरचा हसतो, पुढच्या खेपेस बरोबर बोलतो.

मी बँकेत कारकून. एकदा एका गुजराती व्यापाऱ्याने खिडकीतून विचारले, "साहेब, नवरा छो?" गुजरातीत 'नवरा' म्हणजे मोकळा, रिकामा. मी म्हटले, "हो, पण घरी!" शेजारचे सहकारी दिवसभर हसत होते.

भाषांची ही सरमिसळ म्हणजे गोंधळ, असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. मला तसे वाटत नाही. 'बँक' हा शब्द इंग्रजी. हिंदीत तो पुल्लिंगी झाला, मराठीत स्त्रीलिंगी. आपण 'बँका', 'बँकेत' असे म्हणतो, म्हणजे त्याला आपलेच प्रत्यय लावतो. चेक 'वटतो', पासबुक 'हरवते'. हे नियम ठरवायला कोणी समिती बसली नव्हती. पोर्तुगीजांकडून आलेले पगार, चावी, बटाटा हे शब्द तर आता परके वाटतच नाहीत.

हे सारे मला उशिरा समजले. नोकरीच्या आरंभी एक वारली आजी खिडकीशी आली. तिचे बोलणे कळेना. मी म्हणालो, "आजी, नीट मराठीत बोला." ती गप्प झाली आणि पासबुक उचलून निघून गेली. पेन्शन जमा झाली का, एवढेच तिला विचारायचे होते. तिच्या पाड्यावरच्या मुलाने ते मला आठवड्याने सांगितले. तोवर तिने उसनवारी केली होती.

पहिलीच्या वर्गातही असेच घडते. घरची बोली 'अशुद्ध' ठरली की मूल तोंड उघडत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला आपण मंद म्हणतो.

गाण्यात मात्र अशी भीती नसते. वारली लग्नात धवलेरी आपल्या बोलीत विधीची गाणी गाते. रात्री त्याच मांडवात गुजराती गरबा, हिंदी सिनेमाचे गाणे आणि मराठी कोळीगीत वाजते. अर्थ कळण्याआधीच मुलांना शब्द पाठ होतात, कारण चाल त्यांना धरून ठेवते. आपणही पाली वंदना आधी सुरात शिकलो, अर्थ मागाहून. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना तर अक्षरओळखच मोठेपणी झाली. दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी ती पक्की केली, आणि पुढे त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत गेली.

तारप्याला शब्द नसतात. पण भोपळा, बांबू, जिभळी अशा त्याच्या प्रत्येक भागाला इथल्या बोलीत नाव आहे. या दिवाळीच्या सुटीत एखाद्या वादकाजवळ बसून ती नावे वहीत उतरवावीत, आणि आजीच्या गाण्यातले न कळणारे दहा शब्दही. वही मला दाखवावी. त्यातले निम्मे शब्द मलाही शिकायचे आहेत.