प्रॅक्टिकलचे गुण हातांना द्या

सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा. एकाच जर्नलच्या चाळीस प्रती निघताना दिसतील. त्यावरच गुण द्यायचे असतील तर परीक्षा झेरॉक्सवाल्याचीच घ्यावी! इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या परीक्षकांसाठी ही टिपणे.

काय करावे

• जोडणी होताना बाजूला उभे राहून पाहा. अँमीटर सिरीजमध्ये, व्होल्टमीटर पॅरललमध्ये हे सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती हातात वायर आल्यावर.

• मुद्दाम एक बिघाड घालून ठेवा. उडालेला फ्यूज, उलटा लावलेला डायोड, काहीही चालेल. लांब ब्रेडबोर्डवर तर फार खटपटही नको, कडेची सप्लायची पट्टी बऱ्याचदा मधोमध तुटलेलीच असते. आता बघत राहा. मुलगी आधी सप्लाय तपासते की सगळे उपसून नव्याने जोडते? मीटर घेऊन टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारीला बिघाड सापडला नाही, तरी निम्मे गुण द्या.

• मीटर लावण्याआधी अंदाज विचारा. 12 व्होल्ट, 1 किलोओहम म्हणजे 12 मिलिअँपियर. मीटरने 120 दाखवल्यावर जो थबकतो, त्याला विषय कळला.

• डीसी सीरीज मोटर कोणी लोडशिवाय सुरू करू लागला, तर तिथेच थांबवा. वेग आवाक्याबाहेर जातो. सुरक्षिततेचे गुण वेगळे ठेवा.

• निकष आधी फळ्यावर लिहा. 25 पैकी जोडणी 8, बिघाड शोधणे 7, अंदाज व रीडिंग 5, सुरक्षितता 5. जर्नल? ते टर्मवर्कमध्ये मोजून झालेय.

काय टाळावे

• चौघांच्या बॅचला सरसकट सारखे गुण. एक जोडतो, एक लिहितो, दोघे मोबाइल बघतात.

• आलेखाचे सगळे बिंदू रेषेवर बसले म्हणून शाबासकी. 5 टक्के टॉलरन्सचा 1 किलोओहमचा रेझिस्टर 950 ते 1050 ओहम कुठेही असू शकतो. दर वेळी नेमके 1000 आले, तर रीडिंग घरी घेतलेय.

• इंग्रजी अडखळले म्हणून गुण कापणे. मराठीत विचारा, मराठीत ऐका.

• लॅब असिस्टंटने आधीच जोडून ठेवलेल्या टेबलावर परीक्षा घेणे. माझी अशीच झाली होती. 25 पैकी 23 मिळाले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी करंटवर लावलेला मल्टिमीटर थेट सप्लायच्या दोन टोकांना जोडला आणि त्याचा फ्यूज उडवला.