चाकू घेण्याआधी

परळहून चोर बाजाराचा मटण स्ट्रीट टॅक्सीने फार लांब नाही. इथल्या माणसाला पात्यांचा नाद लागायला म्हणून वेळ लागत नाही. मला तो लागला आणि अजूनही आहे. या नादात पैसे बुडतात ते पोलादापायी नव्हे, पोलादाबरोबर विकल्या जाणाऱ्या कहाण्यांपायी.

"पेशवाईतली कट्यार" म्हणून एका विक्रेत्याने मला जी वस्तू दिली, तिच्या पात्यावर लहरींची सुरेख नक्षी होती. मूठ मात्र कोरी करकरीत, म्हणून संशय आला. मुठीजवळचा नजरेआड राहणारा कोपरा मी बारीक पॉलिश पेपरने घासला, लहरी गेल्या. मग लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्डासाठी मिळतं ते फेरिक क्लोराइड, हातमोजे घालून, पातळ करून लावलं. लहरी परत आल्या नाहीत. थरांच्या पोलादात दोन जातींचं पोलाद तापवून, ठोकून एकजीव केलेलं असतं. आम्ल एका थराला जास्त खातं, दुसऱ्याला कमी, त्यामुळे घासलेली नक्षी पुन्हा उमटते. माझ्याकडचं पातं साधं होतं, वरवर आम्लाने चितारलेलं. आज 'दमास्कस' म्हणून जे चाकू विकतात, ते चांगले असले तरी बहुतेक असे नव्याने जोडलेल्या थरांचेच असतात. दक्षिण भारतात मुशीत बनणाऱ्या जुन्या पोलादाशी त्यांचा संबंध नाही. किंमत त्या हिशेबाने द्या. खरोखर जुन्या वाटणाऱ्या पात्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

दुसरी चाचणी फुकटची आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा "दोनशे वर्षं जुनी" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर परवाना दाखवा म्हणा. तो नसेल तर एकतर वय खोटं किंवा व्यवहार बेकायदा. दोन्ही वेळा तिथून निघावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर यांच्याबरोबर 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचे चाकू येतात. घरकाम, शेती, शास्त्र किंवा उद्योगासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. पण मुंबईत एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली इथे वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि त्या काळात सार्वजनिक जागी चाकू बाळगणं हाच गुन्हा ठरतो, पातं केवढंही असो. आमच्या चाळीतला एक मुलगा गणपतीत लालबागच्या गर्दीत बटणाचा चाकू खिशात घेऊन गेला होता, मित्रांना दाखवायला. तपासणीत सापडला. आईवडिलांनी रात्र पोलीस ठाण्याबाहेर काढली, नंतर कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. पोरगा गुणी आहे, आणि म्हणूनच मला त्याचं फार वाईट वाटतं. तरुण मुलांनो, संग्रह घरात राहू द्या. खरेदी केली तर कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, पावतीसकट, थेट घरी.

मला विचाराल तर कामाची पाती जमवा. अडकित्ते, विळ्या, चांभाराची रापी, कोकणातल्या घरात माळ्यावर पडलेला कोयता. यांत कारागिरी आहे, माणसांचे हात आहेत, आणि ती बनवून जुनी दाखवण्यात फारसा फायदा नसल्याने नकलाही कमी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून या. सुपारी कातरायच्या साधनावर लोहाराने किती जीव लावला, ते पाहिल्यावर बाजारातल्या चमकदार खंजिरांकडे बघवत नाही.

परळच्या पावसाळ्याचं वेगळं. चामड्याच्या म्यानात पातं ठेवून दिलंत तर जूनमध्ये ठेवलेलं सप्टेंबरात गंजलेलं निघेल; चामडं ओल धरतं. पातं बाहेर काढा, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा. पितळी मूठ चिंच-मिठाने घासून लखलखीत करू नका, जुनेपणाची खूण त्यात जाते. आणि सायकलवरच्या धारवाल्याकडे जुनं पातं देऊ नका. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार तापून निळी पडते, आणि निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. घरी पाण्याने भिजवलेल्या दगडावर हळूहळू लावा; वेळ लागतो, पण पातं वाचतं.