आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे, पण कुठे?

प्रश्न : मी शिरूरच्या महाविद्यालयातून बीए होईन. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एमए करायचे आहे. दिल्लीला जावे की पुण्यातच शिकावे? घरी शेती आहे, मोठी फी झेपणार नाही. – एक विद्यार्थिनी, ता. शिरूर

उत्तर : संस्थेचे नाव नंतर पाहा, आधी ध्येय ठरवा. परराष्ट्र सेवेत जायचे असेल, तर त्यासाठी यूपीएससीची परीक्षा आहे आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. एमए ही अट नाही.

संशोधन किंवा अध्यापन करायचे असेल, तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू) पहिली पसंती ठेवा. तिथल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेची परंपरा 1955 पासूनची आहे. फी कमी, ग्रंथालय मोठे, परकीय भाषा शिकण्याचीही सोय. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. दौंडहून दिल्लीला थेट रेल्वे आहे, त्यामुळे अंतराचा बाऊ नको.

पुण्यातच राहायचे असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आणि राज्यशास्त्र विभाग पाहा. खासगी संस्थेत जाण्यापूर्वी फी, वसतिगृह आणि मागील विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे लेखी विचारा.

विषय तुमच्या दारातच आहे. डिसेंबर 2023 मधली कांदा निर्यातबंदी किंवा रांजणगावातले कोरियन कारखाने, यांवर उत्तम प्रबंध होऊ शकतो.

माझा सल्ला : आधी जेएनयू, नाही जमले तर पुणे विद्यापीठ. फीसाठी जमीन गहाण टाकू नका.